खाली राहिलेला खटका

टेनिसच्या मैदानावर त्याला सगळे फ्यूजभाऊ म्हणत. हे नाव त्याला आवडत नसे, आणि आवडत नाही हे सांगताना त्याचा जो काही आवाज चढे, त्यामुळे ते आणखी पक्कं होत गेलं. तिथं नोकरी वायरमनची आणि डोकं असं पटकन उडणारं, मग दुसरं कुठलं नाव पडणार? माणूस मात्र कामाला चोख होता. कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर, आणि एकदा त्यानं बसवलेली तार दहा वर्षं कुणी हलवायची नाही.

त्याला सगळ्यात जास्त चीड कशाची असेल तर ती स्विचला कुणी 'खटका' म्हणण्याची. "आयसोलेटर म्हणा, एमसीबी म्हणा, गेलाबाजार बटण म्हणा," तो करवादायचा. "खटका उंदराच्या सापळ्याला असतो." आता गंमत अशी की हा शब्द दिवसातून दहा वेळा ज्या तोंडून यायचा, त्या तोंडासमोर फ्यूजभाऊची बोलती बंद होती. ते तोंड त्याच्या वहिनीचं होतं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा हा अकरा वर्षांचा होता, आणि दादाचं लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते. नव्या संसारात हे आयतं पोर येऊन पडलं. वहिनीनं त्याला वाढवलं, त्याचे गळके डोळे पुसले, गणितात नापास झाला तेव्हा दादाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. पण पहिल्या दिवसापासून हाक मारली ती 'भाऊजी' अशीच, आणि बोलली ती 'तुम्ही' म्हणून. अर्ध्या चड्डीतल्या, नाक वाहणाऱ्या पोराला ती म्हणायची, "भाऊजी, तुम्ही आधी हात धुऊन या बरं." हा मात्र तिला अगं-तुगंच करायचा, आणि साठीला आला तरी तेच चालू होतं.

दादा त्या मैदानाचा राखणदार होता. चार कोर्टं, सगळी मातीची. पहाटे पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, हे त्याचं काम. कामाला लागला त्या वर्षी त्यानं कपडे बदलायच्या खोल्यांच्या कोपऱ्याला तुतीची एक काडी खोचली होती. ती लागली. एवढी लागली की दहा वर्षांत तिची सावली अर्ध्या कोर्टावर जायची, आणि फळांच्या दिवसांत पिवळे चेंडू जांभळे होऊन परत यायचे. खेळणारे बोंबलायचे. दादा म्हणायचा, "फळ खा आणि चेंडू धुवा, दोन्ही फुकट आहे."

वहिनी त्या तुतीखाली बसून रॅकेटांचं गटिंग करायची. म्हणजे रॅकेटची तुटकी जाळी काढून नवी तात भरायची, भोकाभोकातून ओवायची आणि यंत्राच्या चिमट्यात धरून घट्ट ओढायची. हे काम तिला दादानं शिकवलं आणि ती त्याच्या पुढे गेली. तात ओढून झाली की नखानं टिचकी मारून कान लावायची, आणि नाद मनासारखा आला नाही तर सगळी उसवायची. दादा एका आजारपणात गेला, तेव्हा मैदानाच्या मंडळानं तिला विचारलं, आता काय करणार? ती म्हणाली, "काय करणार म्हणजे? आठ रॅकेटी पडल्यात." आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी ती पुन्हा तुतीखाली येऊन बसली.

मग सौर दिव्यांचं आलं. मैदानावरचे जुने दिवे विजेच्या तारेवरचे होते. पेटायला दहा मिनिटं घ्यायचे आणि गावाची वीज गेली की खेळ तिथंच थांबायचा. मंडळानं ठरवलं, खोल्यांच्या छतावर सूर्याची पॅनल बसवायची, खाली बॅटऱ्या ठेवायच्या, आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ चारी कोर्टं आपल्या उजेडावर चालवायची. फ्यूजभाऊला तीन दिवसांच्या शिकवणीला पाठवलं. तिथून तो जो परत आला, तो जमिनीपासून दोन बोटं वरूनच चालत आला. प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं. वहिनीला त्यानं तासभर बसवून सगळं समजावलं. पॅनल बारा, सहा-सहाच्या दोन ओळी. प्रत्येक ओळीचा वेगळा आयसोलेटर, वर छतावरच्या पेटीत. खाली दुसरी पेटी, त्यात बाकीचे एमसीबी.

"म्हणजे खटके दोन ठिकाणी," वहिनी म्हणाली.

"आयसोलेटर, वहिनी."

"हो हो, तेच ते."

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी तो छतावर होता. दुसऱ्या ओळीचा एक जोड त्याला जरा सैल वाटला. शिकवणीत सांगितलं होतं, हात घालण्याआधी त्या ओळीचा आयसोलेटर खाली करा. त्यानं तो खाली केला, जोड आवळला, तेवढ्यात खालून चिटणीसांची हाक आली, "अहो फ्यूजभाऊ, पाहुणे आले, फोटोला या!" त्यानं पेटीचं झाकण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि शिडी उतरला. फोटोत तो छाती काढून उभा आहे. आयुष्यात पुढं त्याला तो फोटो कधी बघवला नाही.

त्या संध्याकाळी दिवे लागले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॅटऱ्या आधीच पूर्ण भरून आणल्या होत्या, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस काहीच कळलं नाही. चौथ्या दिवशी साडेसातला दिवे मंदावले आणि गेले. पाचव्या दिवशी तेच. एक डॉक्टरीणबाई रोज खेळायला यायच्या; बोलण्यात त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. अंधारात जाळीपाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "फ्यूजभाऊ, या सूर्याला दवाखान्यात दाखवा. अशक्तपणा आलाय त्याला."

त्याचा पारा चढला. खालची पेटी उघडली, सगळे एमसीबी जागेवर. बॅटऱ्यांचं पाणी ठीक, दिव्यांच्या तारा ठीक. दुपारी चारला तो छताकडे बघत उभा राहिला, आणि त्याला दिसली तुतीची सावली. कोपऱ्यातल्या दोन पॅनलवर तिची टोकं पडली होती. शिकवणीतलं वाक्य त्याला पाठ होतं: एका पॅनलवर सावली पडली की अख्खी ओळ झोपते. सापडलं! त्यानं तिथल्या तिथं मांडीवर थाप मारली.

खरं तर त्याला दुसरंही काही ठाऊक होतं. चारनंतरच्या उन्हात तशीही फारशी ताकद नसते. तुतीची पानं निम्मी गळली होती आणि सावली कसली, नुसत्या काड्यांच्या रेघा होत्या. सकाळी अकराला एकदा येऊन बॅटऱ्या भरणाऱ्या यंत्रावरचा आकडा बघितला असता तर तो तेव्हाही निम्माच दिसला असता, आणि सकाळी तुतीची सावली छतावर नव्हतीच. पण सकाळी त्याची पाण्याच्या पंपावर पाळी असायची. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे, जे सापडलं ते इतकं शिकल्यासारखं दिसत होतं की पुढं शोधायची गरजच त्याला वाटली नाही.

त्यानं मंडळाला सांगितलं, झाड काढावं लागेल. फांद्या छाटून चालणार नाही, ती पुन्हा वाढते. चिटणीस चाचरत म्हणाले, "आमची हरकत नाही, पण त्या बाईंना विचारा. त्यांच्या शब्दाशिवाय आम्ही त्याला हात लावणार नाही."

तो वहिनीकडे गेला. ती तुतीखालीच बसली होती, मांडीवर रॅकेट, हातात भोकं मोकळी करायची आरी. त्यानं सगळं सांगितलं, सावली, ओळ, बॅटरी. ती ऐकत राहिली. तात ओवत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, खटके सगळे वर आहेत ना? एकदा बघून घ्या."

आता हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तरी त्याला झोंबला असता. पण तिनं खटका म्हटलं, आणि तेही त्याच्या प्रमाणपत्राला तीन महिने झालेले नसताना.

"वहिनी, हे काय घरातलं बटण आहे? तुला यातलं काय कळतं?"

असं तो तिच्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता. तिनं मान खाली घातली. आरी डबीत ठेवली. मग उठून झाडाच्या खोडाला हात लावला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल. तोडा." पोराचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नव्हता; तो दहावीत नापास होऊन 'पेपरच कठीण होता' म्हणाला तेव्हासुद्धा नाही.

झाड एका सकाळी पडलं. करवतवाले दोघे होते, त्यांना पाऊण तास पुरला. वहिनीनं त्या दिवशी सुट्टी घेतली नाही. ती खोलीच्या आत, सामानाच्या कपाटांमध्ये खुर्ची टाकून गटिंग करत बसली आणि करवत थांबेपर्यंत तिनं एकाही तातेला टिचकी मारून पाहिली नाही. आवाजात ऐकू आली नसती, असं तिनं नंतर सांगितलं.

आणि दिवे साडेसातलाच जात राहिले.

तीन आठवडे फ्यूजभाऊनं ढगांना दोष दिला, धुळीला दिला, बॅटऱ्या बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांना दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झाड झालं तोडून. आता काय, सूर्य तोडणार?" सगळे हसले. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पॅनल धुऊन तरी बघू म्हणून तो सकाळी बादली आणि फडकं घेऊन छतावर चढला, आणि धुताना पाणी उडेल म्हणून पेटीचं झाकण घट्ट आहे का हे बघायला गेला. झाकण उघडलं. पहिल्या ओळीचा आयसोलेटर वर होता. दुसऱ्या ओळीचा खाली.

त्याच्या हातातलं फडकं तसंच गळत राहिलं. त्याला आठवलं ते उद्घाटन नाही, फोटो नाही. आठवला तो तिचा आवाज. खटके सगळे वर आहेत ना? त्यानं अंगठ्यानं तो वर केला. खट्. एवढाच आवाज. खालून तुतीचं कापलेलं खोड वर बघत होतं.

त्या संध्याकाळी दिवे नऊपर्यंत लख्ख चालले. लोकांनी त्याची पाठ थोपटली. चिटणीस म्हणाले, "बघा, बॅटऱ्यांना सवय व्हायला तीन आठवडे लागले, पण झाड काढल्याचा गुण आला." तो हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. तो वहिनीकडे निघाला होता, सांगायलाच. देवाशप्पथ सांगायलाच. ती खोलीच्या दारात उभी होती, चारी कोर्टांवर पडलेल्या पांढऱ्या उजेडाकडे बघत. त्याला बघून तिचा चेहरा फुलला. झाड पडल्यापासून पहिल्यांदा फुलला.

"लागलं, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या दादाचं झाड लागलं."

काडी मातीत धरली की आपण म्हणतो ना, लागली, तसंच ती म्हणाली. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं.

तो उद्या सहा वर्षं लांबला. रोज संध्याकाळी साडेसहाला दिवे लागायचे आणि खोलीच्या दारातून वहिनी म्हणायची, "लागलं बघा झाड." कुणी नवं माणूस आलं की त्याला हौसेनं गोष्ट सांगायची: इथं तुती होती, यांच्या दादानं लावलेली, आता ती वर दिव्यांत आहे. तिला त्यात सुख होतं. हा जवळपास असला तर काहीतरी निमित्त काढून तिथून उठायचा.

हे एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण तुती सहजासहजी मरत नाही. पुढच्या हंगामात खोडाला फुटवे आले, हिरवेगार, बोटभर. वाढू द्यावेत तर लोक विचारतील, अहो, सावली पडेल ना? आणि खरं सांगितल्याशिवाय त्याला काय उत्तर देणार? तो कोयता घेऊन गेला, तर वहिनी आधीच तिथं उकिडवी बसलेली. तात कापायच्या कातरीनं एकेक फुटवा खुडत होती.

"अगं, तू कशाला? मी करतो."

"असू द्या," ती म्हणाली. "तुमच्या हातानं नको. तुमच्या दादाचं आहे, मीच करते. सावली पडायला नको."

दर वर्षी तसंच. दर वर्षी खोड फुटायचं, दर वर्षी वहिनी कातर घेऊन बसायची, आणि दर वर्षी हा ठरवायचा की आज सांगायचं. एक वाक्य होतं. वहिनी, सावलीचा काही संबंध नव्हता, वाढू दे. तेवढं त्याला जमलं नाही. बायकोशी त्याचे या काळात सारखे खटके उडायचे, आणि त्या बिचारीला कधी कळलं नाही की हा माणूस फुटव्यांच्या दिवसांतच एवढा का भडकतो. चौथ्या वर्षी फुटवे कमी आले. पाचव्या वर्षी दोनच. सहाव्या वर्षी खोड फुटलं नाही. वहिनीनं कातरीच्या टोकानं साल खरवडून पाहिली, आत सगळं तपकिरी होतं. "चला," ती म्हणाली, "सुटलं एकदाचं," आणि कातर पदराला पुसून आत गेली.

त्याच वर्षी तो निवृत्त झाला. मंडळानं कोर्टाशेजारी खुर्च्या मांडून निरोपाचा कार्यक्रम केला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या रागाच्या दोन गोष्टी सांगून लोकांना हसवलं. मग चिटणीस उठले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "या माणसानं आपल्या सख्ख्या भावाच्या हातचं झाड, गावाला उजेड मिळावा म्हणून, स्वतः उभं राहून तोडायला लावलं. असं कोण करतं?" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत वहिनी बसली होती, आणि ती टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान ताठ होती. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं, त्याला एकही सुचला नाही. लोकांना वाटलं, गहिवरला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तो मैदानावर गेला. नोकरी संपली होती, कामाचं निमित्त नव्हतं. वहिनी खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती; आता तिला जवळचं कमी दिसायचं, पण बोटांना भोकं पाठ होती. तो समोरच्या पायरीवर बसला, अकरा वर्षांचा असताना गणिताचा निकाल घेऊन बसला होता तसा.

"वहिनी, सावली नव्हती."

"कुठली सावली?"

"तुतीची. तिनं काही होत नव्हतं. वरच्या पेटीतला एक..." त्याला तो शब्द घ्यावाच लागला. "एक खटका खालीच राहिला होता. माझ्या हातून. उद्घाटनाच्या दिवसापासून. झाड पडल्यावर तीन आठवड्यांनी मला दिसला. मी वर केला, म्हणून दिवे चालले."

तिच्या हातातली तात थांबली. ती रागावेल, रडेल, निदान एक सणसणीत बोलेल, याची तयारी त्यानं सहा वर्षं केली होती. कदाचित त्याला तेच हवं होतं. बोलून मोकळं व्हावं, तिनं दोन शब्द सुनवावेत, आणि मग डोक्यावरून हात फिरवून म्हणावं, असू द्या भाऊजी. लहानपणापासून तिनं तसंच केलं होतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"मग ते फुटवे..." ती थांबली. स्वतःच्या उजव्या हाताकडे तिनं बघितलं. "ते मी कशाला खुडले, भाऊजी?"

माफी मागायची तर ती कशाची हेसुद्धा त्याला आता नीट कळेना. झाड त्यानं तोडलं होतं, ते एकदा. पण ते मारलं तिच्या हातांनी, पाच वर्षं, त्याच्या डोळ्यांदेखत. आणि झाड दिव्यांत आहे, हे एक सुख तिच्याजवळ उरलं होतं, तेही आज त्यानं स्वतःचा जीव हलका करायला काढून घेतलं. सांगायचं होतं तेव्हा सांगितलं नाही, आणि सांगायचं नव्हतं तेव्हा सांगून बसला. हे त्याला त्या पायरीवर बसल्या बसल्या उमगलं, आणि उमगून उपयोग नव्हता.

कोर्टावर कुणीतरी जाळी ताणत होतं. डॉक्टरीणबाई लांबूनच हात करून आत गेल्या. वहिनीनं पुन्हा रॅकेट मांडीवर घेतली, चाचपून भोक शोधलं, तात ओवली, चिमट्यात धरून ओढली.

साडेसहा झाले. खालच्या पेटीतल्या घड्याळाचं खट् झालं आणि चारी कोर्टांवर एकदम पांढरा उजेड पडला. सवयीनं तिनं मान वर केली. ती बराच वेळ त्या उजेडाकडे बघत राहिली, तोंड जरासं उघडून, रोजचं वाक्य ओठांवर आल्यासारखी.

"दिवे लागले," ती म्हणाली, आणि खाली बघून पुढचं भोक शोधू लागली.